उतारा

४ ऑगस्ट १९७४
नर्सिंगची परीक्षा पास झाल्यावरची माझी पहिली नोकरी! अकोल्याहून मालेगाव, तिथून केनवडची एस.टी., आणि पुढे माणिकरावांच्या बैलांच्या दमणीतून चिखल तुडवत मळ्यात पोचले. गाव लांब राहिलं. चहूकडे ज्वारी आणि मध्ये नवंकोरं स्लॅबचं घर. मला वेगळी खोली दिली आहे, खिडकीतून मोसंबीची झाडं दिसतात. स्वयंपाकाच्या रामीबाईंनी आग्रह करकरून भाकरी वाढली. माणिकराव मऊ बोलणारे आहेत. बायकोच्या, चतुराबाईच्या, आजाराने खचलेत. त्यांची पहिली बायको मोठ्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही, म्हणून हिला ते मळ्याबाहेर नेत नाहीत.

६ ऑगस्ट
चतुराबाई पस्तिशीची असेल. सकाळी डोळे उघडत नाहीत इतका चेहरा सुजतो, पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. दिवसभरात लघवी जेमतेम कपभर, तीही चहाच्या रंगाची. अंगाला खाज, उचकी, श्वासाला लघवीचा वास. पुस्तकात वाचलेलं सगळं एका बाईत! रिसोडचे डॉक्टर फटफटीवरून येऊन गेले. किडन्या बंद पडल्यात, कशाने ते कळत नाही, म्हणाले. मीठ आणि केळी बंद. पाणी मोजून द्यायचं. खरं तर दवाखान्यातच हलवायला हवं, हे त्यांनी माणिकरावांना दोनदा सांगितलं.

९ ऑगस्ट
कारण सापडलं. तिच्या हिरड्या काळ्या पडल्यात, दात हलतात, तोंडाला सारखी लाळ. माणिकराव रोज स्वतःच्या हाताने दुधातून पांढरी पुडी देतात. मूल व्हावं म्हणून कुठल्याशा महाराजाने दिलेली. पारा असणार त्यात. मी सांगितलं तर ते रागावले नाहीत, समजूत घातल्यासारखं हसले. पुडीनेच ती अजून जिवंत आहे म्हणाले.

११ ऑगस्ट
दूध मीच देईन म्हटलं, आणि त्यांनी देऊ दिलं. पुड्या मोरीत ओतते आणि पुडीसारखं दिसावं म्हणून दुधात चिमूटभर कणीक घालते. चतुराबाईलाही सांगितलेलं नाही, ती नवऱ्यापासून काही लपवत नाही.

१९ ऑगस्ट
लघवी सुटली! भांडंभर, पुन्हा भांडंभर. शिकवलं होतं तसंच: आधी कोंडते, मग पूर येतो, आणि पुरातही जीव जाऊ शकतो. म्हणून आता पाणी, मीठ, पेज, सगळं भरभरून देते आहे. सूज उतरते आहे. ती आज उठून बसली, माझा हात धरून म्हणाली, "मले भूक लागून राह्यली माय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२४ ऑगस्ट
दोन दिवस मला हिवताप. थरथर, उलट्या. महाराज येऊन गेले. ते काय म्हणाले हे रामीबाईंनी दाराआडून सांगितलं, ऐकून हसूच आलं. चतुराबाईच्या अंगातून निघालेलं नर्सबाईत शिरलं म्हणे!

२५ ऑगस्ट
अकोल्याला जाते म्हटलं. दमणी जुंपायला माणिकरावांनी नकार दिला. शिवेबाहेर गेलात तर मराल म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी होतं. माझी चप्पल आणि पेटी कुणीतरी उचलून नेली आहे.

२६ ऑगस्ट
सगळं सांगून टाकलं. पुड्या मी फेकल्या, म्हणून ती वाचली. शपथा घेतल्या. माणिकराव शांतपणे ऐकून ग्यानबाला, त्यांच्या गड्याला, म्हणाले, "हे बाई नाई बोलून राह्यली. तेच बोलून राह्यलं."
बाहेरून कडी घातली.

२७ ऑगस्ट
ग्यानबाने जबडा धरला. पुडीचं दूध चतुराबाईने पाजलं. किती प्रेमाने! "घे माय, मी याच्यानंच उठली." तोंडात तांब्याची चव.
बोटं घालून ओकले. थोडंच निघालं.

२८ ऑगस्ट
आता पाजल्यावर ती तासभर हात धरून बसते. ओकू देत नाही. पोटात आग, जुलाब, रक्त. रामीबाई दिसत नाहीत. त्यांना कामावरून काढलं म्हणे.

३० ऑगस्ट
कालपासून लघवी नाही. पाणी पिते तरी नाही. सकाळी डोळे उघडायला वेळ लागला.
ही पहिली अवस्था. पुडी थांबली तर पुढची येईल. थांबली तरच —

१ सप्टेंबर
अंगठी रुतली. खाज. उचकी थांबत नाही. माझाच वास मला येतो.
चतुराबाई वेणी घालून देते, धीर देते. तिला विचारलं, पुडी तू घेतेस का आता. म्हणाली, "आता मले कायले? मी बरी हाओ."

बहुतेक ३ सप्टेंबर
झोप — सारखी झोप. लिहिताना हात झटके —
फटफटी! डॉक्टर. भिंतीपलीकडे चतुराबाई चालून दाखवते आहे. डॉक्टर हसताहेत. विचारताहेत, नर्सबाई कुठं, फार चांगलं काम केलं त्यांनी —
माणिकराव म्हणाले, गेल्या अकोल्याला.
हाक मारते — जीभ सुजली — आवाज नाही — भांडं आपटलं — चतुराबाई म्हणते मांजर हाय —
फटफटीला किक मारली — दाराला धडक देते, एकदा तरी त्यांना —