निळ्या चौकडीचा टेबलक्लॉथ

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

मी, तुझा बाप, वाणिज्य पदवीधर, येथील कंपनीत नोकरीच्या अर्जांची छाननी करतो. तुझा अर्ज मी स्वतः बाद केला, हे कळवण्यासाठी लिहीत आहे.

माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर मिळते.

आज इंजिनिअरिंगच्या एकतीस पदवीधरांनी 'मी स्वतः बनवलेले यंत्र' म्हणून एकच फोटो जोडला होता. यंत्राखाली निळ्या चौकडीचा टेबलक्लॉथ. शेजारचा कारकून म्हणाला, "साहेब, हे टेबल एकदा बघून येऊ या. अख्खी पिढी त्यावर घडली!" मी मनापासून हसलो. बत्तिसावा अर्ज तुझा निघाला. टेबलक्लॉथ तोच. मला किळस आली. त्या फोटोची, तो विकणाऱ्या मार्गदर्शन वर्गाची आणि मघाच्या माझ्या हसण्याची.

"सगळेच जोडतात," असे त्या वर्गातले तुझे सर म्हणाले असतील. सगळेच जोडतात, म्हणूनच आम्ही पुढचे पान उलटत नाही.

टाकी भरली की वाजणारा भोंगा तू स्वतः बनवला होतास. आई अजून त्याच्यावर चिडते का? दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना त्याचा फोटो जोड. मागे न्हाणीघरातली फुटकी बादली दिसली तरी चालेल.

तुझा,
बाबा
कंपनीची निवासखोली, दुसरा मजला
ता. १४ जून