पसंती क्रमांक दोन

अल बर्शा, दुबई
१४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रभावतीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. येत्या रविवारी आपल्या मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि मी उभा आहे. मे महिन्यात व्हिसा संपला की आम्ही मिरजेला. इतकी वर्षं मंडळात खुर्च्या लावल्या, जाण्याआधी एकदा तरी मधल्या खुर्चीत बसावं असं फार वाटतं गं.

यंदा हात वर करणं खलास. माझ्याच सूचनेवरून पसंतीचं मतदान आहे. तिघांच्या नावांपुढे एक, दोन, तीन लिहायचं. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिल्या पसंत्या मिळाल्या नाहीत, तर शेवटचा बाद आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीला. थालीपीठ संपलं असेल तर मिसळ द्या, एवढंच. तरी माझ्यासमोर उभा असलेला सोमनाथ ढवळे विचारत होता, आपल्यात थालीपीठ कोण. तो आणि तिसरा उमेदवार श्रीनाथ पालेकर एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण माझ्याशी दोघंही गोड. तेव्हा काम होईल, इन्शाल्ला.

मतदानाला नक्की ये. लोभ आहेच, तो चिठ्ठीवरही दिसू दे.

तुझा दादा,
वसंत

---

अल रीम आयलंड, अबू धाबी
२४ सप्टेंबर २०२५

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी श्रीनाथ निवडून आल्यावर तू जेवलाही नाहीस, म्हणून खरं काय ते कळवते. रागावू नकोस. तुला पहिली पसंती एकही कशी नाही, हे वहिनीने आणि मी शोधून काढलं. श्रीनाथच्या लोकांनी श्रीनाथला एक दिला, सोमनाथच्यांनी सोमनाथला. दोन मात्र सगळ्यांनी तुलाच दिला. मीसुद्धा. श्रीनाथची बायको शर्वाणी माझी मैत्रीण, शेजारीच बसलेली. म्हटलं, दादाला एक देणारे ढीगभर असतील. वहिनीने तर मुद्दाम दोन दिला. तिचं म्हणणं, अध्यक्ष झालास तर मिरजेला जाणं पुढे ढकलशील.

पण आमचं सोड. तुझं स्वतःचं मत कुठे गेलं? तुझी भाची सोनम कालपासून इंग्लिशमधून हाच प्रश्न विचारते आहे आणि हसते आहे.

बहिणीवरची माया आटू देऊ नकोस, आणि जेवत जा.

तुझी,
प्रभा

---

अल बर्शा, दुबई
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. प्रभावतीस आशीर्वाद.

माझं मत श्रीनाथला गेलं. आपल्याच नावापुढे आपणच एक कसा लिहायचा? पंगतीत स्वतःचं ताट आधी वाढून घेतल्यासारखं वाटलं. म्हटलं, तोही मला देईल. तो कसला देतोय! पद्धत मी आणली आणि पहिल्याच फेरीत मीच शून्यावर. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तुझ्या वहिनीशी दोन दिवस बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आता पुढचं ऐक. काल दिवाळीची पहिली मीटिंग होती. सोमनाथची माणसं म्हणाली, श्रीनाथ मध्ये बसला तर आम्ही उठतो. श्रीनाथची म्हणाली, खुशाल उठा. तासभर भांडून दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर जमलं, की मीटिंग वसंतरावांनी चालवावी, दिवाळीपर्यंतच्या सगळ्या. श्रीनाथने अध्यक्षाचा बिल्ला ठेवला आणि मधली खुर्ची मला दिली. प्लास्टिकचीच, सकाळी मीच लावलेली. पण प्रभा, बसल्यावर फार बरं वाटलं.

घरी येऊन म्हटलं, मेमध्ये मिरज नक्की, पण पुन्हा निवडणूक झालीच तर स्वतःला एक लिहीन. तुझी वहिनी म्हणाली, खुशाल लिहा, माझा दोन ठरलेला आहे.

तुम्हा सगळ्यांचा लोभ असू दे. दुसऱ्या क्रमांकाचा असला तरी चालेल.

तुझा दादा,
वसंत