लिफ्टचं दार आणि भाचेबुवांचे ठिपके

चिरंजीव विद्वान भाचेबुवांस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, पोटऱ्या सोडून. तुझी तब्येत, झोप आणि प्रबंध कसे आहेत? (मामी विचारते, प्रबंध संपल्यावर काही कामही करणार आहेस का. मी नुसता निरोप पोचवतो आहे.)

गेल्या खेपेला जेवता जेवता तू कागदावर ठिपके काढलेस, रेघांनी जोडलेस आणि मला समजावलंस, की माणसं शेजाऱ्याचं बघून वागतात. दोन-तीन शेजारी नीट वागले, की त्यांचं बरं चाललेलं बघून पुढचेही सुधारतात आणि सहकार्य जाळ्यातून पसरतं. मला फार पटलं. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची. उतरल्यावर दार पूर्ण ओढलं नाही तर ती तिथेच ढिम्म उभी राहते. आम्ही पाचव्या मजल्यावर, तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या आक्काचा, गुडघा नवाकोरा, डॉक्टरांनी तिला जिने वर्ज्य केलेले, आणि ती महिन्याभरात राहायला येणार. तेव्हा मी कंबर कसली. दार असं खाडकन ओढायचो की इमारतभर ऐकू जावं. चौथ्यावरच्या शिंपीणबाईंनी माझं बघून उचललं, तिसऱ्यावरच्या दंतवैद्यांनी त्यांचं. आठ दिवस लिफ्ट अशी धावली की मी दोन-तीन जणांना ठिपके काढून दाखवले.

मग दंतवैद्यांनी घात केला. एकदा घाईत त्यांच्याकडून दार वीतभर उघडं राहिलं, आणि परत बाहेर पडतात तर लिफ्ट दारातच हजर! गृहस्थ कुणाचं बघून बिघडला नाही रे, स्वतःच्या अनुभवाने शहाणा झाला. दोन दिवसांनी शिंपीणबाईंना तोच शोध स्वतंत्रपणे लागला. ठिपका आपलं आपणच डोकं चालवू लागला तर काय करायचं, हे तू सांगितलंच नव्हतंस. (तेवढ्यात तू दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायला उठलास.) पंधरा दिवसांत सगळी इमारत हुशार झाली आणि सगळी इमारत जिन्याने जाऊ लागली. मी मात्र तत्त्वाचा माणूस.

अशात गेल्या सोमवारी आक्का आली, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. लिफ्ट पाचव्यावर अडकलेली. तिथे कुण्या नालायकाने दार उघडं ठेवलं होतं. (पाचव्यावर आमचं एकच घर आहे, त्यामुळे प्रकरण फारच गूढ आहे. चौकशी चालू आहे.) खाली मी, दंतवैद्य आणि शिंपीणबाई. मामी कामावर. वर चढून दार कुणी लावायचं? चढणारा घामाघूम होणार आणि लिफ्टमध्ये खालचे बसणार, म्हणून तिघांनीही परस्परांना आग्रहाने संधी दिली. वाद रंगात आला असताना वरून खाडकन आवाज आला आणि लिफ्ट खाली आली, रिकामी. आक्का शेजारी नव्हती. नव्या गुडघ्यावर पाच मजले चढून गेली होती ती. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून सगळे दार लावतात. कुणी कुणाचं बघून नाही. ज्याची त्याला लाज वाटली. जमलं तर प्रबंधात घाल.

तुझा (दोन्ही गुडघे जुने असलेला)
मामा

ता. क. गुडघा उत्तम आहे. डॉक्टर आक्काला रागावले आणि मग खूश झाले.

ता. क. २. खरं काम हे, की येताना आठ नंबरच्या तपकिरी सपाता आण, आक्काने मला दिल्या होत्या अगदी तशाच. डावी हरवली आहे. कशी ते विचारू नकोस, आणि आईजवळ तर अवाक्षर काढू नकोस.

ता. क. ३ (आईकडून). पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. सपाता आणू नकोस. डावी माझ्या पिशवीत आहे. लिफ्टच्या दारात खोचलेली होती, ती काढली तेव्हा दार लागलं. तुझ्या मामाने माझ्यासाठी लिफ्ट राखून ठेवली आणि माझा फोन येताच आनंदाने जिन्यानेच धावत खाली आला. मागायला येईपर्यंत मी देणार नाही. चार दिवस एका पायात सपात आणि एका पायात बूट घालून फिरतोय; कुणी विचारलं तर म्हणतो, पोटऱ्यांना आराम पडतो. आज सकाळी दंतवैद्यही तसेच उतरले.