परक्या काठीवरचा आकाशदिवा

रविवार, कोजागिरीनंतरचा. मुधोळ.

पोचलो एकदाचे. गुडीहत्नूरहून निघालो तवा माही सून दमयंती रडत होती. मी नाई. घर म्हंजे चार भिंती, अन् भिंती सगळीकडं मिळतात. माह्या पोराची, सुधाकरची, बदली झाली इथल्या कचेरीत. निजामाचं राज्य गेलं, आता हैदराबादचं बी चाललं. दहा-बारा दिवसांत आंध्र प्रदेश होनार म्हनतात. बसल्या जागी राज्य बदलून राह्यलं तर बैलगाडी कायले जुंपली, असं म्या इचारलं. सुधाकर हसला नाई. सरकारी मानूस हसत नसते.

ही वही नातीची, मीनाक्षीची. सात वर्षाची हाय. तिनंच मले पाटीवर अक्षरं शिकवली. चुकली का कान धरते. आजी म्हनत नाई मले. माहा मालक चारचौघांत 'ए जयवंते' करून हाक मारायचा, लोक हसायचे. मालक गेला, हाक पोरीच्या तोंडात ऱ्हायली. म्या बी तोडली नाई.

घर झकास हाय. मोठी चूल, परसात हिर, हिरीले गोड पानी. आधी हनमंतराव पटवारी राहत होते, ते बिऱ्हाड घेऊन तिकडं मुंबई राज्यात गेले. अंगनात त्यायचा उंच बांबू तसाच उभा हाय, वरती चाक, चाकात दोर. आकाशदिव्यासाठी आयता मिळाला. घरच्या मेलेल्या मानसायले वाट दिसावी म्हनून कोजागिरी झाली का दिवा वर चढवायचा, कार्तिकी पुनवेले उतरवायचा, का ते वापस जातात. म्या आजच चढवला.

शेजारची बयनाबाई कुडावरून पाहून राह्यली होती. म्हने, दुसऱ्याच्या काठीवर आपला दिवा लावू नाई, काठी ज्याची त्याचेच लोक येतात. म्या म्हनलं, मेल्यायले बांबू वळखू येते तर त्यायचे डोळे माह्यापेक्षा चांगले हायेत. येऊ दे. चहा पाजते.

गुरुवार, दिवाळीच्या आदला.

आज राज्य बदललं. कचेरीवर झेंडा झाला, पोरायले पेढे वाटले. माही जवारी कालच्यासारखीच अर्धीकच्ची शिजली.

थंडी पडाच्या आत मीनाक्षीची गोधडी व्हायला पायजे. जुनी तीन लुगडी एकावर एक घातली, काठापासून टाके घालत आत चालली. गोधडी अशीच शिवतात, चहूकडून मधात यायचं. सकाळी पाह्यलं तर समोरच्या काठाले चार रांगा जास्त. दमयंतीले इचारलं. ती म्हनते, आत्याबाई, मले फराळातून उसंत तरी हाय का? टाका बारीक, पन उलटा पडलेला. डाव्या हाताची, डावरी बाई घालते तसा. आमच्या घरात डावरं कोनी नाई.

काम चांगलं हाय. कोन्या का हातानं होईना, म्या उसवलं नाई.

भाऊबीज, रविवार.

मीनाक्षी जेवताना पाटावरून सरकून बसली. म्या म्हनलं, काऊन? म्हनते, आजीले जागा पायजे ना. म्या म्हनलं, मी तर इथं बसली. तिनं मान हलवली. तू नाई, ती दुसरी. डाव्या हातानं जेवते ती.

म्या भाकरीचा तुकडा मोडला अन् त्या पाटाकडं पाहून म्हनलं, बाई, या घरात एक आजी बस झाली.

पाट रिकामा होता. पन धुतल्यासारखा वला.

बुधवार, पंचमी.

बयनाबाईले धरून बसवलं अन् सगळं काढून घेतलं. हनमंतरावची माय वच्छलाबाई गेल्या दिवाळीत याच घरात मेली. डावरी होती. सोजर नावाची नात तिनं अंगाखांद्यावर वाढवली, तिच्यासाठी गोधडी शिवता शिवता गेली, गोधडी अर्धीच ऱ्हायली. नात आता बापासंगं तिकडं. म्हातारी आली आपल्या बांबूवरचा दिवा पाहून, तर घरात पोरगी दुसरीच.

बयनाबाई हळू बोलली. म्हने, गोधडी तिच्या हातून मधात पुरी झाली का पोरगी तिची. पुनवेले दिवा उतरला का मेलेले जातात, अन् जे त्यायचं ते संगं नेतात.

आधीच दिवा उतरवून टाकू? नाई म्हने, मग ती कायमचीच घरात. एकच इलाज. देवळाच्या दीपमाळेवर घराघराचा, दिवा ठेवाचा दगडी हात ठरलेला असते. या दिव्यावरून वात लावून पटवाऱ्याच्या घराच्या हातावर ठेवायची. आपला हात सापडला का म्हातारी तिथं थांबते. परक्या हातावर वात टिकत नाई.

कोनती दीपमाळ ते बयनाबाईले ठाऊक नाई. नदीकडच्या रस्त्यावर तीन हायेत.

मीनाक्षी आज सोजर म्हनल्यावर वळून पाह्यली. हाक कोनी मारली होती, ते मले ठाऊक नाई.

शनिवार.

फकिरा गाडीवानाची बैलगाडी सांगितली. सुधाकर म्हने, माय, हे खूळ हाय. म्या म्हनलं, तुही कचेरी रात्रीतून राज्य बदलते ते खूळ नाई, अन् माही एक वात खूळ? पोरीले घरी ठेवाची हिंमत नाई झाली. मांडीवर कंदील, कंदिलात आकाशदिव्यावरून लावलेली वात, बाजूले मीनाक्षी. दोन्ही बाजूले कापूस फुटलेला, आभाळ धुतल्यासारखं. फिरायला निघाल्यासारखं दिसत असन कोनाले.

पहिली दीपमाळ मारुतीची, चुना पोतलेली, बुटकी. बारा हात. बाराही हातांवर वात ठेवून पाह्यली. वारा नाई, तरी बाराही वेळा विझली.

दुसरी खंडोबाच्या माळावर. तिथं बी तसंच. उतरताना फकिरा बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हने, आजी, तीन मानसं अन् एक कंदील, गाडी काऊन इतकी जड?

मीनाक्षी खिदळली. सरकून बसली. मधात एका मानसाची जागा सोडून.

मुक्काम फकिराच्या बहिनीकडं. गोधडी संगं घेतली नव्हती. गाडीत निघाली.

रविवार.

बासरच्या अलीकडं, गोदावरीच्या काठावर तिसरी. सगळ्यात उंच. पुरात नावाड्यायले काठ दिसावा म्हनून बांधलेली. गुरव भगवानराव भला मानूस. पटवाऱ्याचं घर? हो म्हने, इथलंच. वरून चवथा हात.

म्या पदर खोचला अन् चढली. गुडघे ओरडले, त्यायले ओरडू दिलं.

चवथा हात नाई. नुसतं भोक. चुना ताजा.

भगवानराव खालून सांगून राह्यला, जाताना पटवाऱ्यानं गवंडी लावून दगड काढला, गाडीत घालून तिकडं नेला. घरान्याची निशानी म्हनून.

दगड नेला. मायले ठेवलं.

खाली मीनाक्षी म्हनते, आजी रडून राह्यली. म्या म्हनलं, रडू दे. म्या बी गाव सोडलं. म्या कोनाची नात उचलली काय? मंग वाटलं, बोलली ते जास्तच झालं. भोकाकडं पाहून म्हनलं, वच्छलाबाई, ये, चुलीपाशी बस, माह्या वाटनीचं जेव. पन पोरगी नाई देनार.

वात विझली.

मंगळवार.

उसवते. सकाळी शिवलेलं सापडते. गोधडी चुलीत घातली — मीनाक्षी वरडली, तिच्या पाठीवर चटका उठला. वढून काढली. हात भाजला, उजवा. म्हनून अक्षर असं.

मधात वीतभर जागा ऱ्हायली.

गुरुवार.

मीनाक्षीनं मले इचारलं, तुमी कोन?

तुमी म्हनली. आजपर्यंत मले तुमी कोनी म्हनलं नाई.

दमयंती भिंतीले टेकून रडते. म्या म्हनलं, रडू नको, सुई दे.

शनिवार. पुनीम.

दुपार. चार बोटं जागा. मीनाक्षी गोधडीत निजली, उठत नाई. डाव्या हाताची मूठ करून. माह्या डोळ्यादेखत टाका पडते. सुई दिसत नाई, दोरा दिसते.

एक मी उसवते, एक ती —

उसवून भागनार नाई. हात म्हातारा झाला. तिचा होत नाई.

दुसरं केलं. माह्या अंगावरच्या लुगड्याचा पदर त्या चार बोटांत शिवला. दुहेरी दोरा, सात टाके, गाठीवर गाठ. आता मधात मी हाय. पुरी कर म्हनलं गोधडी, कर. पोरीले न्यायचं तर मले बी न्यावं लागन. मी जड हाय. फकिराच्या बैलायले इचार. अन् तिथं गेल्यावर बी गप नाई बसनार मी, रोज भांडन. पाह्य परवडते का.

टाका थांबला.

दिवस कलला. अंगनात चाक कुरकुरलं. दोराले कोनी हात लावला नाई, दमयंती इथंच हाय, माहे पाय धरून. दिवा खाली येऊन राह्यला — भरदिसा पेटलेला —

पदर वढला जातो. दाराकडं. म्या उंबऱ्याले पाय लावला. टाके धरून हायेत. पाच. चार —

सोडत नाई. लिहून ठेवते, सोडली नाई —

मीनाक्षीची मूठ उघडली. डोळे उघडले. माह्याकडं पाहून राह्यली, ओठ हलले, म्हनते, ए जयवं—