किती माल निघाला?

।। श्री ।।

संगमनेर,
ता. ३ सप्टेंबर २०२५

चि. पंकजा हीस,
गोरक्षमामाचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. दिल्लीच्या खानावळीतल्या भाजीला चव नाही हे वाचल्याबरोबर तुझ्या मामीने शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. पार्सल वेगळं येईल. मी फोनवर बोलत नाही म्हणून तू पुन्हा रुसली आहेस. अगं, कारखान्यात पंधरा वर्षं त्या भरड्याच्या यंत्राशेजारी बसून माझे कान गेले ते गेलेच. अकरा वर्षांपूर्वी ऑफिस गेटजवळ आलं, पण कान काही परत आले नाहीत. फोनवर तू बोलतेस एक आणि मला ऐकू येतं दुसरं. त्यापेक्षा कागद बरा, कागदावर घोटाळा होत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. जुलैत नदीवरच्या पुलाच्या दुरुस्तीमुळे अकरा दिवस एकही ट्रक हलला नाही. त्या महिन्यात आपलं उत्पादन पाचशे साठ टनांवर आलं आणि मला अन्न गोड लागेना. पण ऑगस्टात पोरांनी कमाल केली. बाराशे चाळीस टन पशुखाद्याची कांडी! जनावरं खाऊन दमतील. कालच दिल्लीचा महिन्याचा तक्ता भरून पाठवला. वर उत्पादन, खाली रवानगी, शेवटी गोदामातली शिल्लक. ताळा दोनदा पाहिला. सव्वीस वर्षांत माझा एक महिना चुकला नाही आणि एक ताळा चुकला नाही.

दर अठ्ठावीस तारखेला देशाचं कारखान्यांचं उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं ते रेडिओवर सांगतात. मी आवाज इतका मोठा ठेवतो की आळीतल्या सगळ्यांना तो आकडा पाठ असतो. त्यात आपली कांडीही आहे, असं मी त्यांना सांगतो. ते हसतात.

आता एक मागणं. एकतीस जानेवारीला मी निवृत्त होतो. कारखान्यात सत्कार आहे. तू ज्या खात्यात आहेस तिथेच माझे तक्ते येतात. तर तुमच्या खात्याच्या कागदावर, ‘याने सव्वीस वर्षं नेमाने आकडे दिले’ अशा दोन ओळी मिळाल्या आणि त्या तू स्वतः येऊन वाचल्यास, तर मला दुसरं काही नको. शाल माझ्याकडे तीन आहेत.

तब्येतीला जप. आमच्यावर माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
गोरक्षमामा

*

नवी दिल्ली,
ता. १६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप मामा यांस,
पंकजाचा शि. सा. न. वि. वि.

चटणी पोहोचली. शेजारच्या टेबलावरच्या केरळच्या बाई डोळ्यांतून पाणी काढत खातात आणि पुन्हा मागतात. मामींना सांगा, डबा आठवडाभरसुद्धा टिकणार नाही.

डब्यातल्या चिठ्ठीत मामींनी विचारलं आहे की आम्ही इथे बसून नेमकं काय मोजतो. मामी, देशातल्या प्रत्येक कारखान्यात जाऊन कुणी मोजत नाही. काही ठरावीक वस्तू आणि त्या बनवणारे काही ठरावीक कारखाने निवडलेले असतात. टन, लिटर, नग, जे असेल ते त्यांनी दर महिन्याला कळवायचं. एका ठरवलेल्या वर्षाचं उत्पादन शंभर धरायचं आणि या महिन्याचं त्याच्याशी ताडून पाहायचं. ज्याचा पसारा मोठा त्याला वजन जास्त. पोलादाचं वजन भरपूर, मामांच्या कांडीचं चिमूटभर. कुणाचा आकडा वेळेवर आला नाही, तर मागच्या आकड्यावरून अंदाज धरून अठ्ठावीस तारीख गाठायची आणि खरा आकडा आला की दुरुस्ती करायची. एवढंच आमचं काम, मामी. मामा रेडिओसमोर बसतात तेव्हा त्यांची चिमूट त्यात खरंच असते.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

सध्या ते शंभर धरायचं वर्ष बदलायचं काम चाललं आहे. त्यासाठी कारखान्यांचे जुने आकडे आम्ही चाळतो. तुमचा कारखाना माझ्याच टेबलावर आला. मी आनंदाने उघडला. मामा, तुमच्या तक्त्यात महिनाअखेरची शिल्लक बारा टन आहे. त्याआधीच्या महिन्यातही बारा. त्याआधीही बारा. अकरा वर्षं, दर महिना, बारा टन. जुलैत अकरा दिवस ट्रक थांबले तरी बाराच. मामींनी तर तेव्हा लिहिलं होतं की तुमच्या यंत्रावरच्या सहादेवकाकांना एक दिवस सुट्टी मिळाली नाही, यंत्रं बंदच झाली नाहीत. मग तो माल गेला कुठे? तुम्ही उत्पादनाचा आकडा घेता तरी कुठून?

माझे मामा म्हणून मी ते कागद स्वतःकडे ठेवले नाहीत. साहेबांना नातं सांगितलं आणि काम दुसऱ्यांकडे दिलं. कारखान्याला रीतसर विचारणा येईल. ती परक्याच्या कागदातून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे पत्र. तुमच्या त्या दोन ओळी मात्र मी आता कुणाकडे मागू शकत नाही.

आईबाबा ऊसतोडीला गेले की मी तुमच्याकडे असायचे. सहामाही परीक्षेत एकदा मी उत्तर बघून गणित उलटं रचलं होतं. तुम्ही रागावला नाहीत, फक्त म्हणालात की पुन्हा मांड. तेच मी आज तुम्हाला म्हणते आहे, आणि म्हणताना मला रडू येतं आहे. रागवा, पण लिहा.

मामींना नमस्कार. तुमच्या मनातली माझी जागा हलवू नका.

तुमची,
पंकजा

*

नवी दिल्ली,
ता. २८ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी गेली, तुमचं पत्र नाही. आज आमचा आकडा बाहेर पडला. तुमच्याकडे रेडिओ लागला होता का?

मागच्या वेळी मामींना लिहिलं होतं, एखाद्या कारखान्याचा आकडा आला नाही तर मागचा आकडा पुढे धरतो. तसंच मी करते आहे. सप्टेंबरच्या पत्रात तुमची जेवढी माया होती तेवढीच ऑक्टोबरलाही धरली आहे. पण नुसत्या अंदाजावर किती महिने काढायचे मामा? शिव्या असल्या तरी चालतील, पण खरा आकडा पाठवा.

तुमचीच,
पंकजा

*

संगमनेर,
ता. १० नोव्हेंबर २०२५

चि. पंकीला राहीमामीचा आशीर्वाद.

मी चवथी शिकलेली, तवा अक्षराला हसू नको. तुजं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते वाचलं, घडी केली आन सदऱ्याच्या खिशात घातलं. मग एकदा जेवताना म्हनले, भाचीनं मला खोटारडा ठरिवला. मी म्हनलं, तिनं इचारलंय, ठरिवलेलं न्हाई. तर ताटावरून उठले. अठ्ठावीस तारखेला रेडू लागला न्हाई. शेजारची भीमाबाई इचारायला आली, आज आकडा काय झाला म्हनून. मी काय सांगू?

दिवाळीच्या आदी तुमच्या खात्याचा कागद आला. म्यानेजरसाहेब म्हनले, लिहिताना चूक झाली असं कळवून टाकू, मिटलं. हे न्हाई म्हनले. चूक झाली तर कुठं झाली ते मला दिसल्याशिवाय मी सही करनार न्हाई, असं म्हनले. आता रोज तोंडाला फडकं बांधून आत यंत्रापाशी जात्यात. त्या भुशानं खोकला लई वाढलाय, तरी जात्यात. काय शोधत्यात ते मला कळत न्हाई.

तू बोललीस ते बरूबर का चूक, ते मला उमगत न्हाई. पन तू बोललीस ते बरं केलंस. दुसरं कुनी बोललं असतं तर ते इतकं तळमळलेच नसते. चटनी पुन्यांदा पाठिवली हाय. ह्यांनीच डबा बांधला, ते मातूर तुला सांगू नको म्हनले.

तुजी मामी,
राहीबाई

*

।। श्री ।।

संगमनेर,
ता. १४ डिसेंबर २०२५

चि. पंकजा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तीन महिने तुला पत्र नाही. रागात होतो. सव्वीस वर्षं ज्याचा ताळा चुकला नाही त्याला काल नोकरीला लागलेली पोर विचारते की आकडा कुठून घेता. हे मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं, म्हणून उशीर.

आता कुठून घेतो ते ऐक. रोज संध्याकाळी मी गेटवरच्या अजिनाथला विचारतो, आज किती माल निघाला? तो वही बघून सांगतो. मी लिहितो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्याने सांगितलं, नऊशे पोती. मी तसाच आत पोती भरायच्या यंत्रावर सहादेवकडे गेलो आणि त्याला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. तो म्हणाला, सहाशे. मला वाटलं दोघांपैकी एक खोटं बोलतोय. दोघांना समोरासमोर उभं केलं. भांडण व्हायची वेळ आली. शेवटी सहादेव वैतागून म्हणाला, “माझा माल यंत्रातनं निघतो, ह्याचा गेटातनं निघतो. तुमाला कंचा पाहिजे?”

पंकजा, मी तिथेच पोत्यावर बसलो. पहिली पंधरा वर्षं माझं टेबल सहादेवशेजारी होतं, तेव्हा प्रश्न त्याला विचारत होतो. मग टेबल गेटजवळ आलं आणि समोर अजिनाथ आला. प्रश्न तोच राहिला. माणूस बदलला हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तयार झालेला माल तुम्ही विचारत होता आणि बाहेर गेलेला माल मी कळवत होतो. रवानगीचा आकडाही गेटवरचाच, मग ताळा चुकणार कसा? तो जुळायचा म्हणून मी खूश होतो. गोदाम जुलैत छताला लागलं होतं, पण खोकल्यामुळे मी आत पाऊल टाकलं नाही. शिल्लक बारा टन.

सहादेव दर पाळीची पोती शिसपेन्सिलीने खिशातल्या वहीत लिहितो. वर्ष संपलं की वही सुतळीत ओवून खिळ्याला टांगतो. त्या सगळ्या खाली काढल्या. नोव्हेंबर चौदापासून या नोव्हेंबरपर्यंत एकशे तेहेतीस महिने पुन्हा मांडले. सात महिन्यांची पानं उंदरांनी खाल्ली आहेत. तिथे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहिलं आहे. जुलैचं खरं उत्पादन नऊशे पंधरा टन, ऑगस्टचं आठशे पंच्याऐंशी. ऑगस्टात पोरांनी कमाल वगैरे काही केली नव्हती. कमाल केली ट्रकवाल्यांनी. सगळे आकडे सहीनिशी तुमच्या खात्याला रवाना केले. चूक कशी झाली तेही लिहिलं, निघाला या शब्दासकट.

तुझ्या साहेबांना तो शब्द समजावून सांगावा लागेल. हिंदीत कसं सांगणार ते तू बघ.

त्या दोन ओळी नकोत. मी त्या मागायलाच नको होत्या. तू मात्र ये. तुझ्यावर मी रागावलो ते मला आता लाजिरवाणं वाटतं. हे तोंडाने बोलायला जमणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

मागच्या तीन महिन्यांची माया तू अंदाजाने धरली होतीस. ती दुरुस्त करायची गरज नाही, तेवढी होतीच.

तुझा,
गोरक्षमामा

*

।। श्री ।।

संगमनेर,
ता. २ फेब्रुवारी २०२६

चि. पंकजा हीस,
गोरक्षमामाचे अ. उ. आ. वि. वि.

काल तू गेलीस आणि आज मी पत्राला बसलो. सोमवार असून कारखान्यात जायचं नव्हतं, मग करणार काय? तुझी मामी म्हणते, घरात माझा पायात पाय येतो.

सत्काराचं तुला सांगायला नको, तू समोरच होतीस. पण एक कबूल करतो. तू कागद काढून वाचायला लागलीस तेव्हा मला धसका बसला. म्हटलं, पोरीने कुठून तरी प्रशस्तिपत्र उचलून आणलं वाटतं. मग तू वाचलंस, ‘आपल्या कारखान्याचे एकशे तेहेतीस महिन्यांचे सुधारित आकडे मिळाले. तपासून ते स्वीकारले आहेत.’ साधी पोच. पण मोजल्या तर दोनच ओळी. मॅनेजरसाहेबांना त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. सहादेवला कळलं, त्याने वाजवल्या. ती पोच आज चौकटीत बसवून आणली. तीन शालींत सत्काराच्या चौथीची भर पडली, ती तू मामीच्या नकळत थैलीत टाकून नेलीस हे बरं केलंस, दिल्लीत थंडी असते.

आता तू बघितलं नाहीस ते सांगतो. तुला एसटीत बसवून मी सवयीने कारखान्याच्या गेटपाशी गेलो. अजिनाथने विचारलं, भाची निघाली का? मी म्हटलं, हो, निघाली. तेवढ्यात सहादेव पाळी संपवून बाहेर आला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो अंगावरचा भुसा झटकत म्हणाला, “तुमची भाची लई चांगली निघाली.”

पुन्हा शब्द एकच होता आणि माणसं तीच दोन.

पंकजा, तू सहा वर्षांची होतीस. तेव्हापासून दर गुढीपाडव्याला ऊसतोड संपली की पाथर्डीच्या जीपमध्ये बसून आईबापाकडे निघायचीस. मग कॉलेजला पुण्याला निघालीस. मग दिल्लीला. प्रत्येक वेळी मी गेटावर उभा राहून तेवढंच लिहीत आलो आणि घरात शिल्लक काही राहिली नाही असं समजत आलो. तू कशी निघालीस, ते मात्र मी कधी मांडलंच नाही. सहादेवचा आकडा खरा आहे. तोच धर.

पत्र मिळाल्याचं कळव. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
गोरक्षमामा

ता. क. अठ्ठावीस तारखेला रेडिओ लावणार आहे. भीमाबाईला तसं सांगून ठेवलं आहे.