दोघी बहिणी, चार नावं

९ सप्टेंबर १९४९, नगर

पुण्याच्या कॉन्व्हेंटात शनिवारी न्हाणं असायचं. मागच्या ओट्यावर उन्हात बसून मी मालनचे केस विंचरायची. शिसवी फणी एकच, दोघींत. तिचे केस इतके दाट की एकदा दोन दाते मोडून आतच राहिले. मी रडले — फणी आईची होती, आणि आई नव्हती. मालन म्हणाली, "राहू देत ताई. माझ्या डोक्यात सुरक्षित आहेत."

आज आठवायचं कारण — तिकडच्या सरकारची मुंबईत परमिट कचेरी आहे, तिचा कागद आला. कराची आता परदेश. जायची परवानगी नाकारली. 'अर्जदार व आजारी स्त्री यांचे नाते सिद्ध होत नाही.'

कागद घडी करून डब्यात ठेवला. मग मेथी निवडली.

१० सप्टेंबर

चूक माझीच. अर्जात लिहिलं — मी सरोजिनी पुराणिक, बहीण मालन हिला भेटायला जाणार. तिकडून तिच्या यजमानांनी, शामकांतरावांनी, लिहून दिलं — माझी पत्नी पुष्पावती गर्दे, हिची बहीण भागीरथी येणार. लग्नात दोघींची नावं बदलली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पण आम्ही एकमेकींना माहेरच्याच नावानं हाक मारतो. दुसरं नाव लिहावं हे मला सुचलं नाही. तिलाही नाही.

सूनबाई, सुमेधा, हसली. "म्हणजे आई, त्यांच्याकडे चार बायका झाल्या. आणि एकीची दुसरीशी ओळख नाही."

मीही हसले. परत येण्याचा कागद आपल्या इथल्या कचेरीनं ऑगस्टातच दिला आहे, सरोजिनीच्या नावानं. अडला तो जाण्याचा.

१४ सप्टेंबर

कचेरीबाहेर लिंबाखाली काकासाहेब अर्ज लिहायला बसतात. अपील त्यांच्याकडेच दिलं. मी सांगत होते — पाठची बहीण, आई लहानपणी गेली, आता हिचं अर्धं अंग गेलं... त्यांनी टाक वर धरला.

"बाई, हे समदं खरं हाय. पर सरकारला कागद कळतो, माया न्हाई कळत. तुमी दोगी येका बापाच्या लेकी, असा येक तरी कागद आना."

असा कागद कुठून आणू? त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीत आम्हा खर्डेकरांच्या सात पिढ्या आहेत. सगळे पुरुष.

२ ऑक्टोबर

पुण्याला जाऊन आले. कॉन्व्हेंटच्या रजिस्टरात, १८९९ साली — 'भागीरथी आणि मालन, पोस्टमास्तर नृसिंह खर्डेकर यांच्या मुली.' एका ओळीत, एकाच शाईनं. हल्लीच्या मदर तरुण आहेत. दाखला लगेच दिला. विचारलं, यातली तुम्ही कोण?

"पहिली," म्हटलं. हजेरी दिल्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर

अपील गेलं. दाखल्यावर भागीरथी, म्हणून काकासाहेबांनी अपीलही भागीरथी नृसिंह खर्डेकर याच नावानं लिहिलं. "कागदाला कागद जुळला पायजे." त्या नावानं सही करताना हात अडखळला. मग आपोआप आली — शाळेतल्यासारखी गोल.

२१ ऑक्टोबर

कराचीचं पत्र, शामकांतरावांच्या अक्षरात. मालनला आता कूस बदलता येत नाही. एवढी थंडी काढली तर खूप, असं डॉक्टर म्हणतात. केसांच्या जटा झाल्या आहेत. दाई कापू म्हणते, तर ही मान हलवते. खाली एक ओळ — 'भागूताई येऊन विंचरील, असं सारखं म्हणते.'

१२ नोव्हेंबर

टपाल नाही.

२८ नोव्हेंबर

परवानगी आली! भागीरथी नृसिंह खर्डेकर, वय अठ्ठावन्न. पंधरा डिसेंबरच्या आत बोटीत बसायचं. रविकांतनं पेढे आणले. मुलगा माझा, पण कौतुक मोजूनमापून करणारा. आज अख्खी पुडी.

१ डिसेंबर

रविकांत दोन्ही कागद घेऊन कचेरीत गेला होता. मीही गेले. साहेबांनी ते शेजारी शेजारी ठेवले. जाणारी भागीरथी, येणारी सरोजिनी. म्हणाले, भागीरथीला परत यायची परवानगी नाही, आणि सरोजिनीला जायची. नवा अर्ज करा. तीन-चार महिने लागतील. तोवर गेलात, तर इकडे घेतील याची हमी नाही.

उद्धट नव्हते. बसायला खुर्ची दिली.

बाहेर काकासाहेबांना कळलंच होतं. "माजं चुकलं बाई. जायच्याच कागदाकडं बगत बसलो."

म्हटलं, मीही तिकडेच बघत होते.

३ डिसेंबर

रविकांत म्हणाला, "आई, नवा अर्ज करू. मावशीला मी लिहितो, धीर धर म्हणून." मी फणी पुसत राहिले. मग चिडला. "आणि तिकडे अडकलीस तर? तुला भेटायला मी अर्ज करू? ही माझी आई, असं सिद्ध करत बसू?"

बरोबर आहे त्याचं. म्हटलं, बरं. करू नवा अर्ज.

दुपारी सुमेधेनं माझी लोकरीची शाल उन्हात घातली.

१० डिसेंबर

रविकांत कामाला संगमनेरला गेला आहे, परवा येईल. ही वही देव्हाऱ्यात ठेवते. त्यानं वाचावी. मी आज सकाळच्या गाडीनं दौंडला, तिथून मुंबई, तिथून बोट.

पाटल्या आणि शिवणाचं मशीन सुमेधेला. कॉन्व्हेंटात बक्षीस मिळालेलं इंग्रजी पुस्तक नातीला, लीनाला, वाचता येऊ लागलं की. माझ्या यजमानांचं फाउंटनपेन काकासाहेबांना. स्वतःला बोल लावू नका म्हणावं. लिंबाचं लोणचं संक्रांतीपर्यंत उघडू नये.

सरोजिनीचा परत येण्याचा कागद रविकांतला. टाकू नकोस.

फणी शोधू नका.