भाताच्या पेंढ्यातले पंप

मास्तर, उद्यमनगरातलं तुमचं एका टेबलाचं ऑफिस आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही कारखानदारांना परदेशी मालाची कागदपत्रं करून द्यायचात आणि मी तुमची टायपिस्ट. बाहेरच्या खरेदीदाराचं इंग्रजी पत्र आलं की त्यातल्या अटी मी मराठीत उतरवायच्या, तुम्ही त्या कारखानदाराला समजावायच्या. लोखंड ओतताना न डगमगणारी माणसं त्या कागदांपुढे गळाठायची. शाहूवाडीकडच्या एका कारखानदाराचे पाण्याचे पंप पहिल्यांदाच श्रीलंकेला निघाले, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "सगळ्या अटी आल्या ना?" मी हो म्हटलं.

त्यानं घरच्या शेतातला पेंढा, त्याच्या बोलीत पिंजर, भरून खोकी बांधली आणि ती तिकडच्या बंदरात अडकली. भाताचा पेंढा आत आणायला तिथे बंदी होती, पिकाला रोग लागेल म्हणून. माल परत आला असता तर कारखानदाराला पुन्हा परदेशात कुणी उभं केलं नसतं. तो तार घेऊन दारातूनच ओरडत आला. "मास्तर, पंप धाडल्यात की मी, भात न्हाय. पिंजराला कोण अडवतंय व्हय?" तुम्ही त्याला पाणी दिलंत. म्हणालात, "चूक माझी. वाचायचं काम माझं होतं." मग तारांवर तारा. 'पेंढा तुमच्या अधिकाऱ्यांसमोर जाळा, पंप गोणपाटात बांधा, खर्च आमचा', एवढं बंदरवाल्यांच्या गळी उतरवायला तुम्हाला दहा दिवस लागले. माल सुटला. पुढची खोकी भरायला तुम्ही स्वतः कारखान्यात गेलात, मंगळवार पेठेतल्या छापखान्यातून कागदाची कात्रणं घेऊन. पांढऱ्या धोतरात जमिनीवर बसलात. तो म्हणतोय, "उठा की मास्तर, कापडं खराब हुत्यात," आणि तुम्ही म्हणताय, "हुदेत."

ती अट पत्राच्या मागच्या बाजूला होती. कागलची बस गाठायच्या घाईत मी पान उलटलंच नव्हतं. पत्र तुमच्याच फायलीत होतं, म्हणजे तुम्हाला कळलंच असणार. एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी मला झापणारे तुम्ही, यावर एक शब्द बोलला नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक पत्रावर लाल पेन्सिलीनं 'मागे पाहा' असायचं, अगदी पाठकोऱ्या पत्रांवरसुद्धा. मी प्रत्येक पान उलटायचे. अजून विजेचं बिलही उलटून बघते. तुमच्याएवढ्या मनाचा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तो तुमच्यावर ओरडत होता तेव्हा मी खाली मान घालून टाइपरायटरची फीत बदलत होते, आठवतं? ती फीत आदल्याच दिवशी बदललेली होती.